मदत हवी आहे: इंडियन राइसग्रासचं बी उगवत नाही (उत्तर नेवाडा)

विनेमकाजवळ दोन एकर वाळूसर जमीन आहे. वणव्यानंतर चीटग्रास हे तण माजलंय. पाऊस-बर्फ धरून वर्षाला जेमतेम 200 मिमी पाणी. तिथलं मूळचं, झुबक्याने वाढणारं इंडियन राइसग्रास परत आणायचं आहे. 'नेझपार' वाणाच्या पिशवीवर शुद्धता 98 टक्के, उगवण 14, सुप्त (जिवंत, पण लगेच न उगवणारं) बी 74 असं छापलंय. ओल्या कागदावर तीन आठवड्यांत मोजकेच मोड आले. बी खराब आहे का? एप्रिलमध्ये पेरू का? किती, किती खोल?

प्रतिसाद 1
बी चांगलं आहे. न उगवलेला दाणा ब्लेडने कापा, आत पांढरा घट्ट गर दिसेल. टणक टरफल गर्भाला अडवतं, आणि गर्भही महिनाभर थंडी-ओल मिळाल्याशिवाय जागा होत नाही. म्हणून एप्रिल नको. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर, जमीन गोठण्याआधी पेरा. काही बी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी उगवेल, तेव्हा पहिल्या वर्षी विरळ दिसलं म्हणून नांगर घालू नका.

वाळूत 4 ते 7 सेंमी खोल पेरा. गवताच्या बियाला हे फार वाटेल, पण वरची वाळू लगेच सुकते आणि उंदीर उथळ बी उकरून खातात. भारी जमिनीत मात्र 1 ते 2 सेंमीच. एकरी 2.7 किलो जिवंत शुद्ध बी लागतं. तुमच्या पिशवीत ते 86 टक्के (98 टक्के शुद्ध बियाचे 14+74, म्हणजे 88 टक्के), म्हणजे दोन एकरांना सव्वासहा किलो. फोकून पेरू नका, खोली मिळत नाही.

प्रतिसाद 2
सहमत. पण चीटग्रास आधी आवरा, नाहीतर हे सगळं वाया. ते शरदातच उगवतं, हिवाळाभर मुळं सोडतं आणि वसंतातली ओल आधीच पिऊन टाकतं. दाणे भरण्याआधी मारा, शक्यतो लागोपाठ दोन हंगाम. इमॅझापिक हे तणनाशक फवारलं तर त्याच शरदात पेरणी नको, आपल्या रोपांनाही ते मारक ठरतं. युरिया अजिबात नको, नत्रावर चीटग्रासच फोफावतं.

टरफल घासून सगळं बी एकदम उगवायला लावणंही टाळा. ते वर्ष कोरडं गेलं तर काहीच उरत नाही. गुरं दोन हंगाम बाहेर.

प्रश्नकर्ता
आभार. रोपं ओळखायची कशी?

प्रतिसाद 2
चीटग्रासचं पातं मऊ लव असलेलं, किंचित पीळ घेतलेलं. राइसग्रासचं सुतासारखं बारीक, गुंडाळलेलं. शंका आली तर एखादं उपटा: राइसग्रासच्या मुळांना वाळूची बाही चिकटलेली असते, झटकली तरी पडत नाही.