ट्यूटरकडचा इंग्रजीचा तास: नुसतं मोठ्याने वाचून बोलणं सुधारतं का?

कुंडईतला केमिस्ट

नमस्कार. मी डिचोली तालुक्यातला. चौथीपर्यंत गावच्या मराठी शाळेत शिकलो, पाचवीपासून सगळे विषय इंग्रजीतून, पुढे बी.एस्सी. केमिस्ट्री. आता कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये, म्हणजे औषधाची गुणवत्ता तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आहे. एसओपी (काम कसं करायचं याची ठरलेली लेखी पद्धत), टेस्ट मेथड, बॅच रेकॉर्ड, दिवसभर इंग्रजीच वाचतो आणि नोंदवहीत इंग्रजीच लिहितो. पण कामाची तपासणी करायला आलेला ऑडिटर समोर उभा राहून "हे कसं केलंत?" विचारतो तेव्हा उत्तर डोक्यात तयार असूनही तोंडातून तुटक शब्द बाहेर पडतात. मागच्या ऑडिटला माझं बोलणं त्यांना कळलंच नाही, शेवटी सिनियरने उत्तर दिलं. टेस्ट मी केली होती, ती कशी केली हे मला सांगता यायला हवं होतं.

म्हणून फोंड्याला एका निवृत्त शिक्षकांकडे शिकवणी लावली आहे. आठवड्यातून दोन संध्याकाळी, ड्यूटी सुटल्यावर जातो. सर मनापासून शिकवतात. ते मला इंग्रजी पेपरातला अग्रलेख मोठ्याने वाचायला सांगतात आणि चुकलेला प्रत्येक शब्द तिथेच थांबवून सुधारतात. तास संपतो तेव्हा अर्धा अग्रलेखही झालेला नसतो आणि बसमध्ये बसेपर्यंत काय काय सुधारलं ते आठवत नाही. मला वाचन, लिखाण, उच्चार तिन्ही हवं आहे. सरांकडे नेमकं काय मागू? आणि त्यांना वाईट न वाटता कसं मागू?

पर्वरीकर

मी हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे. मोठ्याने वाचण्याचा मला फायदा झाला, जीभ सैल होते. पण अग्रलेखातली वाक्यं लांबलचक असतात, तसं कोणी बोलत नाही. मुलाखत किंवा संवाद छापलेला असेल तो घ्या. आणि सरांची परवानगी घेऊन तास फोनवर रेकॉर्ड करा, म्हणजे बसमध्ये आठवण्याचा प्रश्न मिटतो.

शिकवणीबाई, फोंडा

केमिस्टबाब, मी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. माझ्याकडे बोटीवर जाणारे तारवटी येतात, परदेशी जायच्या तयारीतल्या नर्सेस येतात, दुकानदारही येतात. तुम्ही विचारलंत ते फार महत्त्वाचं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

जे घरी एकट्याने करता येतं त्यावर ट्यूटरचा तास घालवू नका. अग्रलेख घरी वाचता येतो. अडलेल्या शब्दाचा उच्चार फोनवरच्या शब्दकोशात ऐकता येतो. घरी मिळत नाही तो समोरचा माणूस, जो तुमचं ऐकेल, न कळल्यास "मला समजलं नाही" म्हणेल आणि उलट प्रश्न विचारेल. तुमचे सर तुम्हाला यासाठी हवे आहेत. त्यांना ऑडिटर करा. एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजायचं तंत्र) म्हणजे काय हे त्यांना बहुधा माहीत नसेल, आणि ते तुमच्या पथ्यावरच पडेल. त्यांना कळेल असं सांगता आलं तर जाणकाराला सांगणं सोपंच जाईल.

सुधारण्याची पद्धतही बदलायला सांगा. तुम्ही दोन-तीन मिनिटं सलग बोला, सरांनी मध्ये थांबवू नये, कागदावर टिपून ठेवावं. मग त्यातल्या एकाच जातीच्या चुका घ्याव्यात. दर शब्दाला थांबवलं की वाक्य तुटतं, आणि वाक्य तुटण्याचाच तर तुम्हाला त्रास आहे.

आता उच्चार. सगळ्यावर सारखी मेहनत करू नका. इंग्रजी शब्दात एका अवयवावर (सिलेबलवर) जोर असतो आणि बाकीचे दबतात. आपण मराठीत सगळी अक्षरं जवळपास सारख्या वजनाने बोलतो आणि तीच सवय इंग्रजीत नेतो, म्हणून ऐकणारा गोंधळतो. तुमच्याच कामातले शब्द घ्या. अ‍ॅनलिस्टमध्ये जोर पहिल्या 'अ‍ॅ'वर, अनॅलिसिसमध्ये 'नॅ'वर, अ‍ॅनलिटिकलमध्ये 'लि'वर. एकाच कुळातले तीन शब्द आणि जोर तीन जागी. मात्र 'शन'ने संपणाऱ्या शब्दांना एक सोपा नियम आहे: जोर 'शन'च्या लगेच आधी. डीव्हिएशन, कॅलिब्रेशन, व्हॅलिडेशन, इन्व्हेस्टिगेशन, ऑब्झर्व्हेशन. तुमचं अर्धं ऑडिट या शब्दांवर चालतं! 'रेकॉर्ड' नाम असेल तर जोर सुरुवातीला, क्रियापद असेल तर शेवटी. शब्दकोशात जोराच्या अवयवाआधी वरच्या बाजूला एक छोटी उभी रेघ असते. ती वाचायला सरांकडून पहिल्याच तासाला शिकून घ्या, पुढे कुणाला विचारावं लागणार नाही.

दुसरी गोष्ट भूतकाळाचं शेपूट, म्हणजे क्रियापदाच्या शेवटचं -ed. तुम्ही 'केलं' हेच सांगत असता, त्यामुळे प्रत्येक वाक्यात ते येतं. स्पेलिंग एक, उच्चार तीन. चेक्ट, वॉश्ट, मिक्स्ट यांत शेवटी 'ट'. फिल्टर्ड, वेड, क्लीन्ड यांत 'ड'. आणि मूळ शब्द ट किंवा डने संपत असेल तरच 'इड': टेस्टिड, डायल्यूटिड, रेकॉर्डिड. हे शेपूट गिळलं तर ऐकणाऱ्याला वाटतं की तुम्ही रोज काय करता ते सांगताय, त्या दिवशी काय केलं ते नाही. ऑडिटमध्ये हा फरक मोठा आहे.

तिसरं, व्हायल (vial, छोटी कुपी) आणि वाइल (while). पहिल्यात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, दुसऱ्यात ओठ गोल होतात आणि दात कुठेच टेकत नाहीत. व्हॉल्व्ह, व्हॉल्यूम, व्हिस्कॉसिटी एका बाजूला; वॉटर, वॉश, वेइंग दुसऱ्या बाजूला. आरशासमोर करा. तसंच फिल आणि फील, हिट आणि हीट. बोलताना आपण ऱ्हस्व-दीर्घाकडे फारसं लक्ष देत नाही, इंग्रजीत त्याने शब्दच बदलतो. कोकणी बोलणाऱ्यांचा एक फायदा सांगते: मिटका 'ओ' आणि उघडा 'ऑ' हा भेद आपल्या कानात लहानपणापासून असतो, त्यामुळे कोट आणि कॉट यांत आपली गफलत कमी होते.

'थ'च्या मागे मात्र लागू नका. जीभ दातांमध्ये आणून वारा सोडायचा तो इंग्रजी उच्चार नाही जमला तरी कुणाचं अडत नाही. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा लोकांची आपसातली इंग्रजी जेनिफर जेंकिन्स यांनी अभ्यासली. २००० साली त्यांनी समजण्यासाठी आवश्यक उच्चारांची जी यादी मांडली, तिच्यात हा 'थ' नाही. तुमचं बोलणं गोव्याचंच वाटू दे. ते कळायला हवं, एवढंच बघा.

सरांना सांगायचं कसं? तास सुरू होण्याआधी एक कागद त्यांच्या हातात द्या. त्यावर ऑडिटर विचारतील असे पाच-सहा प्रश्न लिहिलेले असू देत. "सर, आज हे विचाराल का?" इतकंच म्हणा. तयारी करून आलेला विद्यार्थी कुठल्याही शिक्षकाला आवडतो.

कुंडईतला केमिस्ट

बाई, 'शन'चा नियम मला आजवर कोणी सांगितला नव्हता. लगेच म्हणून पाहिला. लिखाणाचं काय करू? डीव्हिएशन रिपोर्ट, म्हणजे ठरल्यापेक्षा काही वेगळं घडलं तर लिहायचा अहवाल, क्यूएकडून (गुणवत्ता हमी विभागाकडून) नेहमी लाल होऊन परत येतो. तो सरांना दाखवू का?

वेर्णा क्यूए

दाखवू नका! कंपनीचा रिपोर्ट, बॅच नंबर, प्रॉडक्टचं नाव, यातलं काहीही बाहेर न्यायचं नाही. फोटोही नाही. त्याऐवजी पाठ्यपुस्तकातली एखादी कृती घ्या. उदाहरणार्थ पीएच मीटर ४, ७ आणि १०च्या बफरने (ज्याचा पीएच आधीच माहीत आहे अशा द्रावणाने) कसा कॅलिब्रेट करतात, आणि समजा ७चं रीडिंग चुकीचं आलं तर त्यावर पानभर रिपोर्ट लिहा.

मी रोज असे रिपोर्ट वाचते म्हणून सांगते, लाल शाई बहुतेक वेळा व्याकरणासाठी नसते. काय झालं आणि का झालं हे एकाच वाक्यात कोंबलेलं असतं. आधी घटना लिहा: केव्हा, कोणत्या उपकरणावर, काय दिसलं. मग लगेच काय केलं. कारण त्यानंतर, वेगळ्या परिच्छेदात. एका वाक्यात एकच क्रिया.

शिकवणीबाई, फोंडा

अगदी बरोबर. आणि तो कागद सरांना तपासायला देण्याआधी त्यांच्यासमोर मोठ्याने वाचा. मोठ्याने वाचनाचा खरा उपयोग इथे आहे. जिथे श्वास संपतो तिथे वाक्य लांब झालेलं असतं. 'अ' आणि 'द' कुठे राहिले ते सरांना पेन्सिलीने भरू दे. पहिल्यांदा उल्लेख येतो तेव्हा 'अ बफर', पुन्हा त्याचाच उल्लेख आला की 'द बफर', इतकं सांभाळलंत तरी निम्म्या जागा भरतील. मग तेच पान उलटं ठेवून तोंडी सांगा. वाचन, लिखाण, बोलणं तिन्ही एकाच मजकुरावर होतं, वेगवेगळा अभ्यास करावा लागत नाही.

कुंडईतला केमिस्ट

शेवटचं विचारतो. ऑडिटर भराभर बोलला आणि प्रश्नच कळला नाही तर?

वेर्णा क्यूए

"कुड यू प्लीज रिपीट द क्वेश्चन?" म्हणा. ते बिनधास्त विचारता येतं, ऑडिटर स्वतःही कित्येकदा इंग्रजी शिकूनच आलेला असतो. अर्धवट कळला असेल तर आपल्या शब्दांत परत विचारा: "यू मीन, हाउ वॉज द स्टँडर्ड प्रिपेअर्ड?" तेवढ्यात विचार करायलाही वेळ मिळतो. अंदाजाने उत्तर देऊ नका. माहीत नसेल तर "आय विल चेक द एसओपी" म्हणा आणि त्यांच्यासमोर एसओपी उघडा. सरांना एकदा मुद्दाम भराभर प्रश्न विचारायला सांगा, आणि ही तीन वाक्यं तिथेच वापरून बघा.