घोडीचा माज गायीच्या हिशेबानं धरू नका

दादा, तुम्ही माजाच्या (घोडी नर घ्यायला तयार असते त्या काळाच्या) पहिल्याच दिवशी घोडा दाखवला आणि घोडी गाभण राहिली नाही, यात तिचा दोष नाही. गायीचा माज दिवसभरात उरकतो, घोडीचा ५ ते ७ दिवस चालतो. बीज सुटतं ते माज संपायच्या आधीच्या एक-दोन दिवसांत. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून एक दिवसाआड मिलन करवा, ती नराला नाकारेपर्यंत.

माजाची पारख नर समोर आणूनच करा, मध्ये मजबूत आडवं लाकूड हवंच. माजावरची घोडी शेपूट बाजूला घेते, मागचे पाय फाकवून थोडी थोडी लघवी करते, योनीचे ओठ उघडझाप करतात. कान मागे पाडून लाथ झाडली, तर नर लगेच बाजूला घ्या.

या चर्चेत आणखी एकानं अकलूजच्या बाजारातली घोडी दोन महिन्यांत माजावर आली नाही म्हणून वांझ ठरवलीय, ते अजिबात पटलं नाही. तो बाजार दिवाळीच्या सुमाराचा. तेव्हा दिवस लहान होत जातात आणि बऱ्याच घोड्या थंडीत गप्प राहतात. दिवस मोठा झाला की माजाचा फेरा सुरू होतो, साधारण २१-२२ दिवसांचा. चैत्रापर्यंत थांबा, विकू नका. तोवर डॉक्टरांकडून गर्भाशय आणि बीजांडं तपासून घ्या, आधीच गाभण नाही ना तेही कळेल.