वडिलांना तीन महिन्यांपासून सर्वांगाला खाज, पुरळ नाही. काय तपासावं?

वय ६४. रात्री जास्त खाजतं. गांधी उठत नाहीत, ओरखडे मात्र भरपूर. सेटिरिझिनने (ॲलर्जीची गोळी) झोप येते, खाज थांबत नाही. मेडिकलमधून आणलेली ट्यूब महिनाभर लावली. रक्तदाबाची गोळी चालू आहे.

प्रतिसाद १
आधी त्यांची पाठ उजेडात नीट बघा. ओरखडे फक्त हात पोहोचतो तिथेच आणि दोन खवाट्यांमधला पट्टा स्वच्छ असेल, तर डाग खाजवल्याने पडलेत, मूळ कारण कातडीच्या रोगात नसावं. सहा आठवड्यांवर टिकलेल्या अशा खाजेला रक्त तपासायलाच हवं: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (लोहाचा साठा), क्रिएटिनिन (किडनीसाठी), लिव्हर फंक्शन, टीएसएच (थायरॉइडसाठी), उपाशीपोटी साखर. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन कमी निघू शकतं. लिव्हरच्या रिपोर्टमध्ये फक्त बिलिरुबिन बघून थांबू नका, अल्कलाइन फॉस्फेटेजही बघा, पित्त अडलं की ते वाढतं. पित्त अडलं की डोळे पिवळे व्हायच्या आधीच खाज सुटू शकते, तळहात-तळपायांना जास्त.

सेटिरिझिन हिस्टामिन, म्हणजे ॲलर्जीत खाज आणणारं रसायन, अडवतं. लिव्हर-किडनीची खाज बहुतांशी त्या वाटेने येतच नाही, म्हणून गोळ्या वाढवून उपयोग नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही खाजतं. गोळी कधी सुरू झाली ती तारीख डॉक्टरांना सांगा, पण स्वतःहून बंद करू नका.

प्रतिसाद २
घरात आणखी कोणाला खाजतंय का? असेल तर आधी खरूज. बोटांच्या बेचक्या, मनगटं, बेंबीभोवती बघा. ट्यूबवर क्लोबेटासॉल (जोरदार स्टेरॉइड) लिहिलंय का तेही वाचा. त्याने खरूज आणि नायटा दोन्ही दबून ओळखू येत नाहीत.

खरूज ठरलीच तर परमेथ्रिन ५ टक्के क्रीम गळ्यापासून तळपायापर्यंत, नखांखालीसुद्धा, ८ ते १४ तास ठेवायचं. सात दिवसांनी पुन्हा. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री. लोक खाजतं तिथेच लावतात किंवा हात धुतल्यावर परत लावत नाहीत, आणि मग औषध लागू पडलं नाही म्हणतात. किडे मेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे राहते.

धागाकर्ता
घरात बाकी कोणालाच नाही. खवाट्यांमधला पट्टा खरंच स्वच्छ आहे. तळपायांना सर्वांत जास्त.

प्रतिसाद १
मग लिव्हर फंक्शन उद्या सकाळीच. आज त्यांना विचारा: लघवी चहासारखी गडद होते का, शौचाचा रंग मातकट पांढरा झालाय का, वजन उतरलंय का. यातलं एकही 'हो' असेल तर रिपोर्टची वाट न बघता उद्याच फिजिशियनला दाखवा आणि पोटाची सोनोग्राफी करून घ्या.