घोट्याच्या ऑपरेशननंतर सातव्या आठवड्यातही दुखतंय. कोणतं दुखणं चालायचंच आणि कोणतं नाही?

घोटा_उजवा

आईचं वय ५८, वजन ६० किलो, मधुमेह आणि बीपी दोन्ही आहे. उजव्या घोट्याची दोन्ही बाजूंची हाडं मोडली होती. बाहेरून प्लेट, आतून दोन स्क्रू. सातवा आठवडा चालू आहे, टाके निघालेत, जखम कोरडी आहे. एक्स-रे बघून डॉक्टरांनी वॉकर धरून अर्धं वजन टाकायला सांगितलंय.

तक्रारी अशा: पाय खाली सोडला की जांभळा पडतो आणि ठणकतो. पावलाच्या वरच्या बाजूला मुंग्या येतात, चादर घासली तरी आग होते. उभं राहिलं की घोट्यापेक्षा टाचच जास्त दुखते. संध्याकाळी सूज असते.

गोळ्या: ॲसिक्लोफेनॅक-पॅरासिटामॉलची सकाळ-संध्याकाळ, शिवाय पॅरासिटामॉल ६५० दिवसातून तीनदा. शेजारच्या काकू तेल लावून शेकायला सांगतायत. आणि 'अर्धं वजन' पडलं हे घरी कळणार कसं?

प्लास्टर_कक्ष

चारही दुखण्यांची कारणं वेगळी आहेत, म्हणून एकाच गोळीने सगळी जात नाहीत.

पाय जांभळा पडणं: पोटरीचे स्नायू शिरांमधलं रक्त वर ढकलतात. सहा-सात आठवडे पोटरी हललीच नाही, त्यामुळे पाय खाली गेला की रक्त तिथेच साचतं. पाय उशीवर घेतल्यावर काही मिनिटांत रंग परत येत असेल तर घाबरू नका. उठण्याआधी पाऊल वीसेक वेळा वर-खाली करायचं. पाय सोडून बसणं सुरुवातीला पाच-दहा मिनिटंच, मग पुन्हा वर. 'वर' म्हणजे छातीच्या पातळीच्या वर. खुर्चीसमोरच्या स्टुलावर ठेवून तेवढा उपयोग होत नाही. संध्याकाळची सूज सहा महिने, कधी वर्षभरही राहते.

मुंग्या आणि आग: पावलाच्या वरच्या कातडीला संवेदना देणारी नस बाहेरच्या बाजूच्या चिरेच्या जवळून जाते. ऑपरेशनमध्ये ती ताणली जाऊ शकते किंवा नंतर व्रणात अडकू शकते. व्रणावर बोटाने हलकेच टिचकी मारून बघा. बोटांकडे झिणझिणी गेली तर नसच आहे. पण चादरही सहन होत नाही, हे मला नुसत्या मुंग्यांपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. सोबत दुसऱ्या पायापेक्षा हा पाय गरम किंवा गार लागणं, एकाच पायाला घाम, कातडी चकचकीत होणं, नखं-केस वेगळे वाढणं यातलं काही दिसतंय का? दिसत असेल तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता याच आठवड्यात दाखवा. हे नसांच्या अतिसंवेदनेचं दुखणं असू शकतं. जितकं लवकर हाती लागेल तितकं बरं, आणि पाय न वापरता जपत बसलं तर ते वाढतं.

थांबायचं नाही अशी लक्षणं: पोटरी एका बाजूने सुजून दुखणं (रक्ताची गुठळी, सोबत दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सी), ताप, व्रणातून पाणी किंवा पू, कमी होत आलेलं दुखणं अचानक पुन्हा वाढणं.

मधुमेहात एक उलटी गोष्ट लक्षात ठेवा. पाऊल लाल, गरम, सुजलेलं आहे पण दुखत फारसं नाही, तर वजन टाकणं ताबडतोब बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर. संवेदना कमी झालेल्या पायात आतली हाडं ढासळत असतात आणि पेशंट 'दुखत नाही' म्हणून चालत राहतो. म्हणूनच मधुमेह्यांना वजन टाकायला बऱ्याचदा उशिरा परवानगी देतात. डॉक्टरांना साखरेचे आकडे माहीत आहेत याची खात्री करून घ्या.

औषध_खिडकी

गोळ्यांचा हिशेब. त्या जोडगोळीत सहसा ॲसिक्लोफेनॅक १०० आणि पॅरासिटामॉल ३२५ असतं. दोन जोडगोळ्यांतून ६५०, वेगळ्या तीन गोळ्यांतून १९५०, म्हणजे दिवसाला २६०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. प्रौढांची वरची मर्यादा ४०००, त्यामुळे तिथे अडचण नाही. मात्र यात ट्रॅमाडॉलची जोडगोळी कोणी वाढवली तर तिच्यातही पॅरासिटामॉल असतं, तेही धरा.

खरी काळजी ॲसिक्लोफेनॅकची. सात आठवडे रोज, तेही मधुमेह आणि बीपी असताना. अशा गोळ्यांनी बीपी चढतं, पोटात व्रण होऊ शकतो. बीपीच्या गोळ्यांत टेल्मिसार्टन किंवा लघवी वाढवणारं औषध असेल तर मूत्रपिंडावरचा ताण आणखी वाढतो. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घ्या आणि ही बंद करून नुसत्या पॅरासिटामॉलवर भागेल का ते विचारा. सातव्या आठवड्यात बहुतेकांचं भागतं.

नसेच्या आगीला या दोन्ही गोळ्या फारशा लागू पडत नाहीत. त्यासाठी डॉक्टर गॅबापेंटिन किंवा प्रिगॅबालिन देतात. त्याने गुंगी येते, म्हणून पहिले काही दिवस रात्री बाथरूमला जाताना सोबत कोणीतरी हवंच.

घरात मिश्री किंवा तंबाखू असेल तर तीही बंद. निकोटिनने हाड जुळायला वेळ लागतो. बायका डॉक्टरांना हे सांगत नाहीत आणि डॉक्टर विचारत नाहीत.

फिजिओ_कट्टा

वजन मोजायला काट्याचा साधा वजनकाटा घ्या. डिजिटल बरेचदा एक आकडा दाखवून तिथेच अडकतो. ऑपरेशनचा पाय काट्यावर, दुसऱ्या पायाखाली तेवढ्याच उंचीची फळी, म्हणजे कंबर तिरकी होत नाही. हात वॉकरवर. ६० किलोच्या माणसाचं अर्धं म्हणजे ३० किलो, पण पहिल्या दिवशी १५ वरच थांबा. १५ किलो पायाला कसे लागतात ते डोळे मिटूनही कळेपर्यंत करा. मग तीन-चार दिवसांनी पाच-पाच वाढवत ३० पर्यंत. त्यापुढे डॉक्टरांना विचारून. वाढवावं की नाही हे दुसऱ्या दिवशी सकाळी ठरवायचं: रात्री दुखलं पण सकाळी पूर्ववत असेल तर पुढे जा, सकाळीही सूज-दुखणं जास्त असेल तर आधीच्या आकड्यावर या.

टाच दुखते कारण पोटरी आखडली आहे आणि घोटा पुढे वाकत नाही, मग सगळा भार टाचेवर येतो. घरात फरशीवर अनवाणी नको. मऊ तळाची, मागे पट्टा असलेली चप्पल घाला. टाच रोज बघा, लाल किंवा काळपट डाग म्हणजे दाबाची जखम. झोपताना उशी पोटरीखाली, टाच अधांतरी.

व्यायाम: तळव्याला टॉवेल अडकवून पाऊल स्वतःकडे ओढा, ३० सेकंद, चार वेळा, दिवसातून तीनदा. गुडघा सरळ ठेवून एकदा आणि थोडा वाकवून एकदा, कारण पोटरीचे दोन स्नायू वेगवेगळे ताणले जातात. अंगठ्याने हवेत बाराखडी काढा. आग होते त्या कातडीवर आधी कापूस, मग सुती कापड, मग टॉवेल हलकेच फिरवा, दोन-तीन मिनिटं, दिवसातून चार-पाचदा.

काकूंना सांगा, शेक नको. अजून सूज आहे, उष्णतेने वाढेल, आणि मधुमेहात चटका कळतही नाही. पोटरी चोळणं तर अजिबात नको, गुठळी असली तर सुटू शकते. व्रणावर बोटभर खोबरेल लावून फिरवायला हरकत नाही, जखम पूर्ण बंद असेल तर.

घोटा_उजवा

आभार. नखं-केस ठीक आहेत, पण पाय गरम लागतो आणि घाम येतो. उद्याच नेतो. दोन राहिलं: भारतीय पद्धतीचा संडास कधी जमेल? आणि प्लेट काढावीच लागते का?

फिजिओ_कट्टा

सपाट चालायला घोटा साधारण १० अंश पुढे वाकला तरी पुरतं, उकिडवं बसायला त्याहून बराच जास्त वाकावा लागतो. बरेच महिने धरा, काहींना पूर्ण जमत नाही. सध्या कमोडची खुर्ची. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी.

प्लास्टर_कक्ष

नाही, त्रास नसेल तर प्लेट आयुष्यभर राहू शकते. बाहेरच्या घोट्यावर कातडी पातळ असते, बूट घासतात, थंडीत टोचल्यासारखं होतं. तेवढ्यासाठी काढायची झाली तर साधारण वर्षानंतर, हाड पूर्ण जुळल्यावर. उद्या जाताना सगळे एक्स-रे आणि गोळ्यांची पाकिटं न्या. आणि घाम, गरमपणा, चादर ही तिन्ही लक्षणं एकत्र सांगा, नुसतं 'दुखतंय' म्हणू नका.