चार जुलै आणि मुलांची सुट्टी

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांकडून अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा उतारा पाठ करून घ्यावा, ही सूचना वाईट नाही. पण पाठांतरापेक्षा त्यांना खटल्यांच्या गोष्टी सांगा, असं माझं मत. जाहीरनामा १७७६ चा. भाषण, धर्म, वृत्तपत्रं यांच्या स्वातंत्र्याची हमी देणारी पहिली घटनादुरुस्ती मात्र १७९१ ची. चार जुलैच्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या, फटाक्यांच्या गडबडीत हे पंधरा वर्षांचं अंतर कुणी सांगत नाही.

याच दुरुस्तीवरचा १९४३ चा बार्नेट खटला घ्या. वेस्ट व्हर्जिनियात यहोवाज् विटनेसेस पंथाच्या मुलांनी धार्मिक कारणावरून झेंड्याला सलामी द्यायला नकार दिला, म्हणून त्यांना शाळेतून काढलं. अशी सक्ती करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. निकाल आला १४ जूनला, म्हणजे नेमका तिथल्या ध्वजदिनी, आणि तोही महायुद्ध ऐन भरात असताना! दहा-बारा वर्षांच्या मुलाला एवढंच सांगून विचारा, ‘तू न्यायाधीश असतास तर?’ मग जेवण थंड होईपर्यंत वाद चालतो की नाही बघा. देशप्रेम सक्तीने येतं का, हा प्रश्न मुलं आपणहूनच काढतात.

टिंकर खटलाही (१९६९) द्याच. व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ शाळेत काळी फीत लावली तेव्हा मेरी बेथ टिंकर १३ वर्षांची होती.

निकालपत्रं मुळातून वाचायला जड जातात, पण बार्नेटमधलं न्या. रॉबर्ट जॅक्सन यांचं लिखाण हायस्कूलच्या मुलांना झेपेल.