आईच्या गुडघेदुखीसाठी त्वचेवाटे द्यायच्या वनौषधींबद्दल मदत हवी आहे

माझी आई ७२ वर्षांची असून गिरगावातील चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहते. जिना उतरताना ती दोन्ही हातांनी कठडा धरून, कडेने वळून, एकेक पायरी उतरते, आणि ते पाहवत नाही. रक्त पातळ ठेवण्यासाठी ती वॉरफरिन घेत असल्यामुळे डॉक्टरांनी वेदनाशामक गोळ्या बंद केल्या आहेत.

रोज रात्री मी तिच्या गुडघ्यांना निर्गुडीचे तेल कोमट करून चोळते. तिला बरे वाटते, पण तो गुण तेलाचा की उबेचा आणि चोळण्याचा, हे मला ठरवता येत नाही. त्वचेच्या सर्वांत वरच्या मृत पेशींच्या थरातून ५०० डाल्टनहून (डाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक) मोठे रेणू सहसा पार होत नाहीत. हळदीतील कर्क्युमिन ३६८ डाल्टनचे असले तरी पाण्यात जवळजवळ विरघळत नसल्याने नुसत्या लेपातून फारसे आत जात नाही. याउलट विंटरग्रीन तेलातील मिथाइल सॅलिसिलेट त्वचेतून रक्तात जाते आणि वॉरफरिनचा परिणाम वाढवू शकते, म्हणून ते तेल असलेला बाम मी घरातून काढूनच टाकला.

मिरचीतील कॅप्सेसिनचे मलम वेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंवर काम करते, मात्र ते दिवसातून तीन-चार वेळा, काही आठवडे नेमाने लावावे लागते. डॉक्टरांना विचारूनच ते सुरू करणार आहे. वयस्कर, पातळ त्वचेवर ते कोणी वापरले आहे का? सुरुवातीची आग किती दिवस राहिली? मुंबईच्या घामट हवेत औषधी पट्टी त्वचेवर टिकते का, की मलमच बरे? कृपया स्वतःचा किंवा घरातील अनुभव सांगावा.