शब्दचर्चा : 'नशीब' कुणी वाटलं?

पूर्वभाग
एक शंका आहे. माझी आजी सोलापुरात विड्या वळायची. दुपार कलली की सुपातल्या विड्या फडक्यात बांधून विडी कंपनीच्या ब्रँचला जायची. तिथला तपासणारा त्यातल्या मूठभर वाईट म्हणून बाजूला टाकायचा. त्यांचे पैसे नाहीत, वर पाना-तंबाखूचा हिशेब तिच्याच अंगावर. घरी येताना ती भांडायची नाही. कपाळावरून आडवं बोट फिरवायची आणि म्हणायची, 'तलराता'. तेलुगूत तल म्हणजे डोकं आणि राता म्हणजे लिहिलेलं. शेजारच्या कन्नड मावशी त्यालाच 'हणेबरह' म्हणायच्या आणि शाळेतले गुरुजी 'ललाटलेख'. भाषा तीन, कपाळ एकच.

त्याच गल्लीच्या तोंडाशी सुताच्या एका व्यापाऱ्यानं बंगला बांधला. फाटकावर संगमरवरात कोरलंय 'श्रीकृपा'. त्यांच्या भरभराटीला कृपा आणि आजीच्या तोट्याला नशीब! खातं दोघांचंही देवाकडेच, मग शब्द वेगळे का? आणि मुळात 'नशीब' म्हणजे काय?

शेंगाचटणी
शब्द अरबी आहे, नसीब. मूळ अर्थ वाटा, हिस्सा. 'किस्मत'चंही तेच. तिच्या धातूचा अर्थ विभागणं. जमिनीच्या जुन्या कागदांत 'तकसीम' दिसते ना, ती याच घरातली. आता आपला संस्कृत शब्द घ्या: भाग्य. त्यात 'भाग' उघडाच बसलाय. म्हणजे अरबीतून आलेले दोन आणि संस्कृतातला एक, तिन्ही शब्दांच्या पोटात वाटणीच आहे.

पुढे मजा बघा. 'भाग'चा धातू भज्, म्हणजे वाटून देणं, वाटून घेणं. त्याच धातूपासून भक्त, भक्ती आणि विभक्त. भग म्हणजे ऐश्वर्य, ते ज्याच्याकडे तो भगवान. आणि आपल्या ताटातला भात? संस्कृतात 'भक्त'चा एक अर्थ शिजवलेलं अन्न असाही होता. प्राकृतात त्याचं 'भत्त' झालं आणि आपल्याकडे भात. एकाच धातूच्या घरात देव, देवाला मानणारा, वाटणी, नशीब आणि ताटातला घास, सगळे नांदतात. भाऊ वेगळे झाले तर तेही.

हुरडा
काय सांगायलाव! मग 'मला वाटतं'मधलं वाटणं पण तेच का? आणि चटणी वाटणं?

शेंगाचटणी
नाही हो. दिसायला जुळी भावंडं, पण अर्थ तिघांचे तीन. आणि माझ्या नावावरून विचारत असाल तर शेंगाची चटणी वाटत नाहीत, उखळात कुटतात. पाट्यावर वाटली तर ती सोलापूरची नाही.

नवीपेठ
मला यात थोडी खोट दिसते. शब्दाचं मूळ म्हणजे शब्दाचा अर्थ नव्हे. 'गरीब' अरबीत परका, परदेशी माणूस होता. आज आपण गरीब म्हणताना कोण परक्याचा विचार करतं? तसंच 'नशीब' म्हणणाऱ्याच्या डोक्यात वाटणीबिटणी काही नसतं. हा कोशातला चमत्कार आहे, माणसांच्या मनातला नाही.

दुसरं, कृपा फक्त बंगल्यावर असते हे चूक. विडी घरकुलात, विडी कामगारांच्या वसाहतीत, फिरून या. दोन खोल्यांच्या घरावर 'आईची कृपा', हप्त्यावर घेतलेल्या रिक्षावर 'आई तुळजाभवानी प्रसन्न'.

पूर्वभाग
दुसरा मुद्दा मान्य. घरकुलाचं माझ्या लक्षातच आलं नाही. खरं तर आमच्याच दारावर 'मार्कंडेय प्रसन्न' आहे.

निवृत्त मास्तर
नवीपेठ, मूळ अर्थ मेलाय म्हणता, पण आपल्या गावात तो जिवंत आहे. कन्नडात म्हण आहे, 'पालिगे बंदद्दु पंचामृत'. पालु म्हणजे वाटा. वाट्याला आलं ते पंचामृत समजावं. आमच्या घरी ताटात कमी पडलं की आई हेच म्हणायची आणि तिला वाटणी स्पष्ट दिसत असायची, कारण डाव तिच्याच हातात होता. मराठीतही आपण 'माझ्या वाट्याला हे आलं' म्हणतोच. फक्त क्रियापद पाहा. 'आलं'. कुणी दिलं, ते वाक्यात नाही. आजारपण येतं, पाऊस येतो, तसा वाटाही येतो. व्याकरणानं वाटणाऱ्याला केव्हाच मोकळं केलंय.

कृपा आणि नशीब यांच्या फरकाबद्दल जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरनं एक मार्मिक निरीक्षण करून ठेवलंय. सुखी माणसाला नुसतं सुख पुरत नाही, त्या सुखावर आपला हक्क आहे अशी खात्रीही त्याला हवी असते. आपल्याकडे त्या खात्रीला 'पुण्याई' म्हणतात. 'वाडवडिलांची पुण्याई' हे बंगल्याच्या वास्तुशांतीला हमखास ऐकू येतं. 'पुण्याई कमी पडली' मात्र माणूस स्वतःबद्दल क्वचितच म्हणतो. ते दुसरे त्याच्या पाठीमागे म्हणतात.

हुरडा
मास्तर, म्हणजे गरीब माणूस दुःखामुळे देवाकडे जातो आणि श्रीमंत माणूस पावती घ्यायला, असंच ना?

निवृत्त मास्तर
पावती शब्द आवडला. अभ्यासकांतही हाच वाद आहे. एक बाजू म्हणते की धर्म हा गांजलेल्यांचा आधार, पोटाची आणि उद्याची शाश्वती आली की श्रद्धा ओसरते. फ्रेडरिक सोल्ट आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २०११ साली अनेक देशांची आकडेवारी तपासून वेगळं मांडलं. जिथे विषमता जास्त तिथे गरिबांबरोबर श्रीमंतांचीही धार्मिकता जास्त दिसते. निव्वळ आधाराची गरज हे कारण असतं तर श्रीमंत त्या रांगेत दिसायला नकोत. मला ते पटतं. गड्ड्याच्या यात्रेला, म्हणजे संक्रांतीतल्या सिद्धरामेश्वरांच्या जत्रेला, अनवाणी कोण येतं आणि देणगीच्या फलकावर कुणाचं नाव असतं, हे पाहिलेल्याला पटावं.

नवीपेठ
गड्ड्याचा विषय काढलात तर तिथला शब्द 'मान' आहे, देणगी नाही. सात नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्या, आणि मान वेगवेगळ्या समाजांकडे. काठी पेलायला पैसा नाही, कंबर लागते. वर्षाचे बाकीचे दिवस ज्याला कुणी विचारत नाही तो त्या दिवशी मानकरी.

शेंगाचटणी
बरोबर, पण संक्रांत सरली की मानकरी पुन्हा विणकामाच्या मागावर. मानाची वाटणी झाली म्हणून पैशाची होत नाही.

मला त्याहून 'फेडणे' हा शब्द जास्त बोलका वाटतो. कर्ज फेडतात, नवस फेडतात, आईचे पांग फेडतात. मूळ अर्थ सोडवणं, मोकळं करणं, लुगड्याची निरी फेडतात तसं. म्हणजे कर्ज ही गाठ आणि नवस हीसुद्धा गाठ. यंत्रमागावरचा माणूस मालकाकडून उचल घेतो. उचल फिटावी म्हणून देवीला नवस बोलतो. मग नवस फेडायला तुळजापूरला जायचं, पाच-दहा माणसं जेवू घालायची, त्यासाठी पुन्हा उचल. मी हे घरात बघितलंय, हसण्यासाठी सांगत नाही. देवी वाट बघते, ती व्याज लावत नाही, हे माझे वडील मनापासून सांगायचे. त्यांच्या ओळखीत बिनव्याजी देणारी तीच एक.

निवृत्त मास्तर
वडिलांचं वाक्य टिपून ठेवतो.

या सगळ्यात आपल्याच गावचा एक शब्द राहून जायला नको: दासोह. सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले, तेव्हा या गावाला सोन्नलगी म्हणत. शरणांच्या, म्हणजे त्या काळच्या शिवभक्त संतांच्या, विचारात 'कायक' म्हणजे कष्टाचं काम, तीच पूजा. त्यातून मिळालेलं गरजेपुरतं ठेवून बाकीचं समाजाच्या पायी ठेवायचं, तो दासोह. शब्दाची फोड 'दासोऽहम्', मी दास आहे. 'सोऽहम्', म्हणजे 'तो मीच', या ताठ शब्दाच्या पुढे वचनकारांनी, म्हणजे कन्नडात वचनं रचणाऱ्या या शरणांनी, तो मुद्दाम ठेवला. दानात देणारा वर असतो आणि घेणारा खाली हात पसरतो. दासोहात देणाराच स्वतःला खाली ठेवतो. वाटणी कशी करावी याची त्या काळातली ही फार धीट कल्पना होती. आज दासोह म्हणजे मठातलं फुकट जेवण एवढाच अर्थ उरलाय, आणि भिंतीवर देणाऱ्यांची नावं रकमेसकट. त्या फलकाखाली 'दासोह' लिहिलेलं दिसलं की मला मुलांच्या वहीतली चूक दिसावी तसं होतं, लाल शाई शोधतो.

हुरडा
भाचा रशियात डॉक्टरकी शिकतोय, त्याला हा धागा पाठवला. तो म्हणतो, तिकडे देवाला 'बोग' म्हणतात, श्रीमंताला 'बोगाती' आणि दीनवाण्या माणसाला 'उबोगी'. जुळतंय का काही?

शेंगाचटणी
चांगलंच जुळतंय. आपल्या 'भग'चे ते नातलग. ऋग्वेदात भग नावाचा देवच आहे, आदित्यांपैकी एक, आणि त्याचं कामच वाटे देणं. गंमत म्हणजे जुन्या ग्रंथांत त्याच्याबद्दल 'अन्धो भगः' असं येतं, भग आंधळा आहे. पुराणात त्याची कथा झाली. दक्षाच्या यज्ञात वीरभद्रानं त्याचे डोळे काढले. म्हणजे वाटे घालणाराच आंधळा, हे आपल्या लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं.

पूर्वभाग
आईला हे सगळं वाचून दाखवलं. आजीनंतर तीही वीस वर्षं ब्रँचला जात होती. नशीब म्हणजे वाटा, भाग्य म्हणजे वाटा, आणि वाटणारा देव आंधळा, इथपर्यंत तिनं शेंगा निवडत निवडत ऐकलं. मग म्हणाली, 'आंधळा नव्हता रे. चष्मा होता त्याला. प्रत्येक विडी उजेडात धरून बघायचा.'